खोलीत कोणी नाही

बोर्ड उघडला तर आत न्यूट्रलच नव्हती.
ज्यानं या घराचं वायरिंग केलं त्यानं
शंभर फूट वायर वाचवली असणार
आणि तिचा चहा प्याला असणार.
मग पट्टी मारून नवी ओढली. दोन रविवार गेले.
गिलाव्याची धूळ वैजयंताच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर.
तिनं झटकली, काही बोलली नाही.
तिचं न बोलणं मोठ्यानं असतं.

मी दिवसभर पंखेच भरतो.
कुपवाडला, शेडमध्ये, जळक्या वार्निशच्या वासात
तांब्याची तार मोजतो, वेढ्यावर वेढा,
दुसऱ्यांच्या झोपेसाठी.
घरचा मात्र कॅपॅसिटर मेल्यापासून
झाडूच्या दांड्यानं ढकलून सुरू व्हायचा.

एप्रिलमध्ये मनावर घेतलं.
बोर्डामागं काडेपेटीएवढं यंत्र,
कोपऱ्यात, पालीच्या जागेवर, एक डोळा.
माणूस हलला की पंखा चालू,
दहा मिनिटं कोणी हललं नाही की बंद.
शेजारचे शिरगुप्पे बघायला आले,
चार वेळा हात हलवून खूश होऊन गेले.

वैजयंताची रात्रपाळी.
मिरजेहून सकाळी साडेआठला येते,
एक चप्पल इथं, एक तिथं,
आणि पडते, म्हणजे पडतेच,
हमालानं टाकलेल्या हळदीच्या पोत्यासारखी.
कूस बदलण्याएवढंही तिच्यात उरलेलं नसतं.
डोळा दहा मिनिटं तिच्याकडे बघतो
आणि ठरवतो: खोलीत कोणी नाही.

पंखा थांबतो.
घामानं तिला जाग येते. पापण्या न उघडता
एक हात वर करून ती कोपऱ्याकडे हलवते.
आवं, हाय की मी हितं.
पंखा सुरू.
अकरा मिनिटांनी पुन्हा हात.
असे सहा दिवस. मला कळलं सातव्या दिवशी,
भाकरी थापता थापता:
रातभर लोकांस्नी विचारायचं, दुखतंय का, पाणी पायजे का,
आणि घरी येऊन भिंतीला पटवायचं
की मी जित्ती हाय.

त्या दिवशी मी एका मोटरला उलटे वेढे दिले.

नवा डोळा पुण्याहून मागवला.
हा श्वास ओळखतो. चादरीखाली
छाती किती उचलली तेवढ्यावरून
सांगतो: आहे. स्थिर.
दुपारी शेडमध्ये फोन काढतो,
हात वार्निशचे, म्हणून करंगळीनं सरकवतो.
आहे. स्थिर. पंखा तीनवर.
सोळा वर्षांच्या संसारात
तिला इतका वेळ झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं.
आताही पाहत नाहीच,
एक हिरवा ठिपका पाहतो.
पुन्हा तार हातात घेतो तेव्हा आकडा चुकलेला असतो.

तिच्या फोनवरही घालून दिलं. तिनं मागितलं नव्हतं.

ज्या रात्री भांडण झालं
(तिच्या भावाच्या प्लॉटवरून, ते राहू दे)
त्या रात्री एक वाजता पंखा बंद पडला.
राऊटर पाहिला, लाईट होती,
बॅटरी दातात धरून, घामाघूम, स्टुलावर चढलो,
बोर्डाचा दुसरा स्क्रू निघाला तेवढ्यात
तो आपला आपण सुरू झाला, थेट पाचवर,
कॅलेंडरचे बाराही महिने फडफडले.
सकाळी विचारलं.
म्हणाली, वॉर्ड शांत होता.

आता नोव्हेंबर. पहाटे नदीकडून गार येतं.
पंख्याच्या आवाजाशिवाय मला झोप लागत नाही
आणि पंख्यानं सर्दी होते, दोन्ही तिला माहीत.
तीन-सव्वातीनला पाती मंदावतात,
तीनवरून दोन, दोनवरून एक.
असलं कुठलं वेळापत्रक मी घातलेलं नाही.
अर्धवट झोपेत हात पायथ्याला जातो,
वाकळ सापडते.
मग तोच हात वर करून
मी कोपऱ्याकडे हलवतो.
तिकडं तिला माझा हात दिसणार नाही.
एवढंच उमटेल: हालचाल.